रेघ कुठं झुकलीय

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा.
उद्या सातपूरला सुट्टी, म्हणून ट्रक आजच गेटवर,
आणि त्याचा ड्रायव्हर मुख्तारभाई
दर दहा मिनिटांनी काचेतून माझ्याकडे बघतो,
ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलेल्यासारखा.

एकशे चाळीस व्हॉल्व्ह तपासून झाले, पास झाले,
प्रेशरचे आकडे टेस्ट बेंचच्या फाइलीत पडून आहेत.
पण सर्टिफिकेट छापल्याशिवाय माल हलत नाही,
आणि सर्टिफिकेट छापते ती पर्लची स्क्रिप्ट,
खैरनारसाहेबांनी दोन हजार चारमध्ये लिहिलेली,
मी भूमितीत काठावर पास होत होते तेव्हा.

डबल क्लिक केलं की
काळी खिडकी उघडते
आणि मिटते.
आत पांढऱ्या अक्षरांत काहीतरी असतं,
आपल्यासाठीच लिहिलेलं,
वाचू देत नाही.
अकरा वेळा केलं. अकराव्यांदा तर
मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्यात माझाच अंगठा आला.

कॉम्प्युटर मंगळवारी बदललाय, विंडोज नवं,
म्हणून पहिला संशय अँटिव्हायरसवर,
दुसरा आयटीतल्या चिन्मय पिंगळेवर
(तो साडेपाचलाच सटकला),
तिसरा, खोटं कशाला बोलू, साहेबांवर.
माणूस रिटायर झाला की
स्टोअरमधले न सापडणारे पानेसुद्धा
त्याच्याच नावावर चढतात.

मग सुचलं, बाहेरून दार बडवण्यापेक्षा
आधी आत जाऊन बसावं.
काळी खिडकी रिकामीच उघडली,
तिच्यात स्क्रिप्टचं नाव हातानं टाइप केलं. एन्टर.
आता ती मिटली नाही.
म्हणाली, ओळ एकतीस, फाइल उघडत नाही,
आणि फाइलीचा पत्ता दाखवला तो असा:

डी कोलन
आशिक          अपासणी

मी एकटीच मोठ्यानं हसले.
डी ड्राइव्ह, नाशिक, तपासणी. एवढा साधा पत्ता.
गावाचं पहिलं अक्षर खाल्लं कुणी?
आणि खाल्लं तर खाल्लं,
उरलं ते नेमकं हे?

साहेब मखमलाबादला, नातीच्या स्केटिंगच्या क्लासला,
फोनमागं चाकांची घरघर.
मी सगळं सांगायला लागले, मंगळवारपासून.
त्यांनी मध्येच तोडलं:
“रेघ कुठं झुकलीय?”
“कुठली रेघ?”
“पत्त्यातली, बाई. डोकं डावीकडं का उजवीकडं?”
“डावीकडं.”
“आणि डबल कोटात?”
“हो.”
“मग काय होणार!
कोटात उलटी रेघ आणि पुढं एन दिसला
की पर्ल म्हणते, नवी ओळ.
टी दिसला की मोकळी जागा.
तिची काही चूक नाही. सांगितलं तेच ऐकते.
तो पत्ता टाकला कुणी?”

मी टाकला.
मंगळवारी, वरच्या पट्टीतून उचलून, जसाच्या तसा.
फोन ठेवल्यावर जुना पेनड्राइव्ह शोधला.
त्यांच्या स्क्रिप्टमध्ये रेघ उजवीकडं झुकलेली,
आणि वर इंग्रजी अक्षरांतली मराठी सूचना:
रेघ अशीच ठेवा. विंडोजला चालते. कारण विचारू नये.
ती ओळ मी पसारा म्हणून पुसली होती.

दोन रेघा फिरवल्या. फक्त दोन.
प्रिंटर खोकला आणि सुरू झाला,
गरम कागदांचा वास, शिक्का, सही,
मुख्तारभाईंनी गठ्ठा छातीशी धरला
आणि मोजला नाही.

ट्रक त्र्यंबक रोडला लागल्याचा आवाज आला.
मी साहेबांची सूचना परत टाइप केली,
त्यांच्या स्पेलिंगच्या चुकांसकट,
आणि खाली एक ओळ माझी:
विचारलं. सांगतात.